मूळ कोणते, शुद्ध कोणते? : जॅझच्या पुनर्मुद्रित तबकड्यांविषयी

जॅझच्या तबकड्या जमवणारी माणसे एकत्र आली की संगीताविषयी बोलत असतील, अशी माझी एके काळी समजूत होती. प्रत्यक्षात ती छपाईविषयी बोलतात. तबकडी कोणत्या साली छापली, कोणत्या देशात छापली, मधल्या गोल कागदावर कंपनीचा पत्ता कोणता आहे, शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोणाची आद्याक्षरे कोरली आहेत, यावर तास न् तास चर्चा चालते. दादरला एका परिचितांकडे महिन्यातल्या एका रविवारी अशी चार-पाच मंडळी जमतात. मी तिथे प्रथम गेलो तेव्हा एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक दातांचे डॉक्टर अगदी हमरीतुमरीवर आले होते. वाद होता माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीचा. तिची नवी आवृत्ती घ्यावी, की पैसे साठवून जुनीच शोधत राहावे?

"अहो, एकोणसाठ सालची छपाई ती एकोणसाठ सालची. बाकीच्या सगळ्या नकला," बँकवाले म्हणाले.

"पण तुमच्या त्या मुळातच सूर चढा लागलाय, त्याचं काय करता?" डॉक्टरांनी विचारले.

मला वाटले, डॉक्टर रागाच्या भरात बोलत आहेत. तसे नव्हते. ते अक्षरशः खरे बोलत होते.

ज्यांना जॅझशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की ही तबकडी जॅझमध्ये सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी आहे. कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आली. पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना मार्चमधल्या बैठकीतल्या आहेत, दुसऱ्या बाजूवरच्या दोन्ही एप्रिलमधल्या. त्या मार्चच्या दिवशी स्टुडिओत दोन टेपयंत्रे एकाच वेळी चालू होती. एक मुख्य, दुसरे खबरदारी म्हणून. मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होते आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली फीत बरोबर वेगाने वाजवली की आवाज जलद होतो आणि सूर वर चढतो. त्यामुळे १९५९ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे जगभर या तबकडीची पहिली बाजू किंचित चढी वाजत राहिली. १९९२ साली नवी आवृत्ती काढताना दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरली आणि चूक दुरुस्त झाली.

मी जात्याच संशयी. यजमानांकडून सत्तरीतल्या छपाईची एलपी आणि १९९७ सालची सीडी अशी दोन्ही मागून आणली, शेजाऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर उसना घेतला आणि बहिणीचा कॅसिओ पुढ्यात मांडला. पहिल्या बाजूची पहिली रचना 'सो व्हॉट'. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोन हा षड्ज धरून काफी थाटाचे स्वर, आणि मधले आठ बार तोच साज अर्ध्या स्वराने वर. सीडी कॅसिओशी बरोबर जुळली. एलपी जुळेना. पट्टी दोनच्या पुढे सरकलेली, पण काळी दोनपर्यंत पोचलेली नाही, म्हणजे पेटीवर कुठेच न सापडणारी. शेजाऱ्यांचा प्लेअरच बिघडला असेल, असे वाटून मी एलपी उलटली. दुसऱ्या बाजूवर 'ऑल ब्लूज' आहे, पांढरी पाचमधले, सुरुवात खमाज थाटाची. ते कॅसिओशी तंतोतंत जुळले! यंत्र तेच, तबकडी तीच, सुई तीच. तेव्हा दोष प्लेअरचा नव्हता.

आता या तबकडीचे 'मूळ' कोणते म्हणायचे? १९५९ साली लोकांनी जे विकत घेतले ते, की त्या दिवशी स्टुडिओत जे वाजले ते? साठीतल्या कितीतरी होतकरू वादकांनी ही तबकडी लावून तिच्याबरोबर वाजवण्याचा सराव केला असेल आणि आपलेच वाद्य उतरले आहे असे समजून खुंट्या पिळल्या असतील. त्यांच्या कानातले 'मूळ' चढेच आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हा पेच नवा वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रती शतकानुशतके उतरवल्या गेल्या, त्यांत अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पाठशुद्धी केली. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली प्रत एकनाथांच्याही आधीची आहे अशा दाव्याने छापली आणि वादाला पुन्हा तोंड फुटले. जुनी प्रत शुद्ध असेलच असे नाही, शुद्ध केलेली प्रत मूळ असेलच असे नाही, आणि दोहोंपैकी एकही टाकून देता येत नाही. तबकड्यांचे पुनर्मुद्रण हे असेच संपादन आहे. म्हणून नवी आवृत्ती हातात घेतली की किंमत पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा : ही कशावरून केली आणि कोणी केली?

या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. लुई आर्मस्ट्राँगने आपल्या 'हॉट फाइव्ह' या पाच जणांच्या संचाचे पहिले ध्वनिमुद्रण १२ नोव्हेंबर १९२५ रोजी शिकागोत ओके कंपनीसाठी केले. तेव्हा फीत नव्हती, पहिल्या बैठकांत विजेचा मायक्रोफोनही नव्हता. कर्ण्यापुढे उभे राहून वाजवायचे आणि तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपायचे. आपल्या जुन्या गवयांनी ज्या पद्धतीने लाखेच्या तबकड्या भरल्या तीच ही पद्धत. अशा ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती काढायची म्हणजे आधी कमी झिजलेली प्रत शोधायची, तिच्या खाचेला नेमकी बसेल अशी सुई निवडायची, तबकडी खरोखर कोणत्या वेगाने भरली होती ते ठरवायचे (अठ्ठ्याहत्तर हा आकडा पुष्कळदा नावापुरताच असे), आणि मग खरखर काढायची. या शेवटच्या पायरीवर घात होतो. खरखर आणि झांजेची चकाकी, क्लॅरिनेटची धार, ही सारी एकाच उंच पट्ट्यात राहतात. खरखर पूर्ण पुसायला जावे तर वादकही पुसला जातो आणि उरतो तो उशीखालून आल्यासारखा आवाज. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी मूर्तीचे नाक-डोळे झिजतात, तसे.

इंग्लंडमधले जॉन आर. टी. डेव्हिस हे या कामातले मान्यवर. ते स्वतः जॅझ वादक होते, २००४ साली वारले. त्यांनी केलेला 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन'चा चार सीड्यांचा संच जेएसपी या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी, २००० साली, खुद्द कोलंबियाने आपला चार सीड्यांचा संच सुबक खोक्यात बाजारात आणला. मालकी कोलंबियाची, कागदपत्रे तिची, खोके देखणे, आणि तरी अनेक जुन्या संग्राहकांचा कौल गेला तो डेव्हिसांच्या स्वस्त संचाकडे. मी दोन्ही ऐकले आहेत. डेव्हिसांच्या प्रतीत खरखर राहू दिली आहे आणि तिच्यामागे आर्मस्ट्राँगची तुतारी खोलीत उभी आहे. दादरच्या मंडळींत या एका बाबतीत मात्र मतभेद नाही.

फीत आली आणि प्रश्न सुटायला हवा होता, पण तो नुसता वेगळा झाला. ब्लू नोट या कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने ती १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये काढली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ नाझींच्या तावडीतून निसटून त्याच वर्षी येऊन मिळाला. मुखपृष्ठांवरची ती विलक्षण छायाचित्रे वुल्फने काढलेली. त्यांचा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देणारा, आणि त्याचा स्टुडिओ म्हणजे न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली! १९५९ मध्ये त्याने जवळच एंगलवुड क्लिफ्स इथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. फितीवरून तबकडी कोरण्याचे कामही तो स्वतः करी. संग्राहक कोऱ्या पट्टीत भिंग लावून जी तीन अक्षरे शोधतात ती त्याचीच, 'आरव्हीजी'.

परंतु तबकडी कोरताना त्याला त्या काळचे स्वस्त प्लेअर डोळ्यांपुढे ठेवावे लागत. खर्ज फार भरला तर सुई खाचेतून उडेल, म्हणून तो खर्ज आवरून धरी. म्हणजे फितीवर एक आवाज आहे आणि पहिल्या छपाईच्या तबकडीवर दुसरा. १९९९ पासून व्हॅन गेल्डरने स्वतःच आपल्या जुन्या फिती डिजिटल पद्धतीने पुन्हा घडवून सीड्यांची एक मोठी मालिका केली. मूळ माणूस, मूळ फीत, आणखी काय हवे? तरी पुष्कळ रसिकांना त्या सीड्या जरा मोठ्या आवाजाच्या आणि दाटीवाटीच्या वाटल्या, आणि मलाही वाटतात. वार्धक्यात कवीने आपल्याच तरुणपणीच्या कविता दुरुस्त करायला घ्याव्यात, तसे काहीसे ते आहे. उलट २०१९ साली ब्लू नोटने 'टोन पोएट' नावाची मालिका सुरू केली. तिची देखरेख जो हार्लीची आणि तबकड्या कोरणारा केव्हिन ग्रे. मूळ फितीवरून थेट, मध्ये संगणक नाही. खर्ज इथे मोकळा झाला आहे. जॅझमधला डबल बास पायाखालच्या जमिनीत ऐकू यावा तसा ऐकू येतो. बँकवाल्यांना हे मान्य नाही. "लायनसाहेबांनी पास केलेली तबकडी हीच खरी," हा त्यांचा सिद्धांत. तो अगदीच चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही.

विद्यार्थ्यांच्या खिशाला टोन पोएट परवडत नाहीत. त्यांनी ब्लू नोटचीच 'क्लासिक' मालिका पाहावी. ती २०२० च्या अखेरीस सुरू झाली. कोरणारा तोच केव्हिन ग्रे, फक्त पुठ्ठा साधा. प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड या कंपन्यांची तबकडी हवी असेल तर 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' या मालिकेची ऐंशीच्या दशकातली जुनी एलपी मिळते का पाहावे. १९८२ मध्ये ती मालिका सुरू झाली तेव्हा स्वस्त म्हणून नाके मुरडली गेली होती. आज तीच प्रत लोक शोधतात. सर्वांत शहाणपणाचे म्हणजे सीड्या घ्याव्यात. तबकड्यांच्या नव्या हौसेपायी सीडीला कोणी विचारत नाही, आणि जुन्या बाजारात ती वडापावाच्या हिशेबात मिळून जाते.

युरोपात छापलेल्या स्वस्त एलप्या दुकानांत भरपूर दिसतात. त्यांच्यापासून सावध असावे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो सत्तर झाला, पण जे आधीच मुक्त झाले होते ते पुन्हा बांधले गेले नाही. त्यामुळे १९६२ पर्यंतचे सारे जॅझ, म्हणजे त्याचा सुवर्णकाळच, तिथे कोणीही छापू शकतो. (आपल्याकडे ही मुदत साठ वर्षांची आहे.) कायद्याने यात गैर काही नाही. परंतु अशा छापणाऱ्यांकडे मूळ फीत नसते. बाजारातली सीडी घ्यायची आणि तिच्यावरून एलपी काढायची, असा मामला पुष्कळदा असतो, आणि वादकाच्या वारसांना त्यातून छदाम मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. वेष्टनावर तबकडीचे वजन १८० ग्रॅम असल्याचे ठळकपणे छापलेले असते, पण फीत कोणती आणि कोरली कोणी हे कुठेच नसते. पुस्तक वजनावर घ्यायचे ते रद्दीवाल्याने!

अर्थात नामांकित कंपनीचे नाव पाहून डोळे मिटावे, असेही नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या मूळ फितीवरून, निखळ जुन्या पद्धतीने केलेल्या असतात असा सर्वांचा समज होता. जुलै २०२२ मध्ये उघड झाले की त्यांतल्या अनेकींच्या घडणीत मध्ये डिजिटल पायरी होती. पुढे प्रकरण कोर्टात गेले. डॉक्टर ही हकीकत सांगतात तेव्हा बँकवाले खिडकीबाहेर पाहतात, कारण डिजिटलचा 'थंडपणा' आपल्या कानाला तत्काळ कळतो असे म्हणणाऱ्या कितीतरी जाणकारांनी त्याच तबकड्या वर्षानुवर्षे उबदार म्हणून नावाजल्या होत्या.

आता 'संपूर्ण' संचांविषयी. इथे माझे स्वतःचे पैसे गेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी प्रथम घेतला तो चार्ली पार्करचा सॅव्हॉय आणि डायल कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांचा आठ सीड्यांचा संच. त्यात एकेक रचना तीन-तीन, चार-चार वेळा येते, अर्ध्यात मोडलेले प्रयत्नसुद्धा. अभ्यासाला हे सोने आहे. त्याच सुरावटीवर पार्कर प्रत्येक वेळी नवा विस्तार करतो, एकही तान घोकलेली नाही, हे एरवी समजले नसते. पण ऐकायला बसावे तर तिसऱ्या फेरीला माणूस थकतो. सुरुवातीला फक्त निवडलेल्या प्रतींचा एखादा संच घ्यावा, हे मला कोणी आधी सांगितले असते तर शिष्यवृत्तीचा एक हप्ता वाचला असता.

बिल एव्हान्सच्या बाबतीत गोष्ट निराळी. २५ जून १९६१ हा रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन यांनी दुपार-संध्याकाळ मिळून पाच वेळा वादन केले. रिव्हरसाइड कंपनीने ते ध्वनिमुद्रित केले. पेल्यांची किणकिण, कोणाचे हसणे, गप्पा, सारे त्यात आहे. लोक जेवत-बोलत होते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. एव्हान्स इतका खचला की काही महिने त्याने जाहीर वादनच केले नाही. या पाच बैठकांतून जी पहिली तबकडी निवडली गेली तिच्यात लाफारोचा बास पुढे येईल अशाच प्रती घेतल्या. आरंभी त्याची रचना 'ग्लोरियाज स्टेप', शेवटी त्याचीच 'जेड व्हिजन्स'. म्हणजे ती तबकडी त्या रविवारची नोंद नाही. मित्राच्या मृत्यूनंतर त्या रविवारकडे वळून पाहणे आहे.

२००५ साली तीन सीड्यांचा संपूर्ण संच निघाला आणि दिवस घडला त्या क्रमाने ऐकता येऊ लागला. पहिलीच रचना चालू असताना क्लबातली वीज जाते, आवाज तुटतो, पुन्हा येतो. हा तुकडा चव्वेचाळीस वर्षे लोकांपुढे आला नव्हता, आणि का यावा? सदोष आहे तो. पण मला तो फार हलवून गेला. मूळ तबकडी ऐकताना आपल्याला शेवट ठाऊक असतो, निवडणाऱ्यांनाही होता. संपूर्ण संचात मात्र तो कोणालाच ठाऊक नाही. तिघे नुसते रविवारच्या कामावर आले आहेत, वीज गेली म्हणून वैतागले असतील, आणि लाफारोला अजून पुष्कळ वाजवायचे आहे. माझे मत विचाराल तर आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' ही मूळ तबकडी आणि तिची जोडीदार 'वॉल्ट्झ फॉर डेबी' त्यांच्या क्रमाने वर्षभर ऐकाव्यात. मग संपूर्ण संच घ्यावा. उलट केले तर दोन्हींतले काही हाती लागत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे मोबाइलवर ऐकायला मिळते, मग विकत कशाला घ्यायचे? मीही बरेचसे तसेच ऐकतो. अडचण एवढीच की तिथे कोणता पाठ वाजतो आहे ते बहुधा सांगितलेले नसते, आणि काल होता तो आज गुपचूप बदललेला असू शकतो.

शिवाय फिती अमर नाहीत. १९७८ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे अटलांटिक कंपनीचे कोठार जळाले आणि त्यात न निघालेल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांच्या फिती गेल्या. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तिच्यात नेमके किती जळाले यावर अजून वाद आहे. जॉन कोलट्रेनने ६ मार्च १९६३ रोजी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत भरलेली एक संपूर्ण तबकडी २०१८ साली प्रथम प्रकाशात आली, ती कंपनीच्या कोठारातून नाही. त्याची पहिली पत्नी नईमा हिच्या घरच्यांकडे जपून ठेवलेल्या फितीवरून आली. मायकेल कस्कुना या माणसाने १९७५ पासून ब्लू नोटच्या कोठारात बसून एकेक फीत ऐकून काढली नसती, आणि पुढे चार्ली लॉरीबरोबर मोझेक ही केवळ पुनर्मुद्रणाची कंपनी उभी केली नसती, तर कित्येक बैठका झाल्या होत्या हेसुद्धा आपल्याला कळले नसते. कस्कुना २०२४ मध्ये वारले. त्या रविवारी दादरला वाद झाला नाही, नुसत्या तबकड्या वाजल्या.

आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्यानंतर गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलेसे केले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) ते आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकात हा सारा इतिहास मांडला आहे. त्या पिढीच्या सुरुवातीच्या तबकड्यांना मूळ फीतच नाही. लाखेची जी प्रत हाती लागेल तेच मूळ.

मागच्या महिन्यात चोर बाजारात मला अशी एक मिळाली. मुंबईच्याच कुठल्या तरी डान्स बँडची असावी, मधला कागद अर्धा खरवडलेला, कडेला टवका उडालेला. रविवारी ती घेऊन गेलो. डॉक्टरांनी जाड सुई बसवली, बँकवाल्यांनी तबकडी आपल्या रुमालाने पुसली. तुतारी सुरू झाली आणि वाद पेटला. डॉक्टरांच्या मते ती अठ्ठ्याहत्तरच्या वेगात भरलेली नाही, ऐंशीच्या आसपास असावी. बँकवाल्यांच्या मते यंत्राला हात लावायचे कारण नाही. पाच वेळा लावून झाली तरी पट्टी ठरेना. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळले.

"पुढच्या वेळी तो बहिणीचा कॅसिओ घेऊन ये रे."